आवाज मिळाला तर पेनड्राइव्ह अडतो: देवगडच्या पॅकिंग शेडमधला एक संगणक आणि दोन खाती

देवगड तालुक्यातली हापूसची पॅकिंग शेड. मार्चपासून मे अखेरपर्यंत इथे एकाच संगणकावर दोन माणसं आळीपाळीने बसतात. एकाकडे पावत्या, जीएसटीची बिलं आणि वाशीच्या व्यापाऱ्यांशी व्हिडिओ कॉल. त्याच्या खात्याचं नाव ‘हिशेब’. दुसरा पेटीचं वजन नोंदवतो, झाकण ठोकण्याआधी आतल्या फळांचा फोटो काढतो आणि लेबल छापतो. त्याचं खातं ‘काटा’. यंत्र जुनं, मेमरी ४ जीबी, वर डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली आणि एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप. मेमरी वाचावी म्हणून ग्राफिकल लॉगिन काढून टाकलेलं. एकाने पहिल्या कन्सोलवर (एकाच यंत्रातला स्वतंत्र लॉगिन-पडदा) लॉगिन करायचं, दुसऱ्याने दुसऱ्या, आणि दोघांचे डेस्कटॉप एकाच वेळी चालू ठेवून कंट्रोल-ऑल्ट आणि एफ-कीने इकडून तिकडे जायचं, अशी पद्धत.

पद्धतीत मुळात खोट नाही. लिनक्सचे व्हर्च्युअल कन्सोल याचसाठी आहेत, आणि दर वेळी लॉगआउट करण्यापेक्षा हे केव्हाही बरं. पण हंगाम सुरू झाल्यावर तक्रारी अशा येऊ लागल्या:

‘हिशेब’मध्ये आवाज येतो, ‘काटा’मध्ये येत नाही. तिथे आवाजाच्या खिडकीत फक्त ‘डमी आउटपुट’ दिसतं, आणि फोटो काढायला गेलं की कॅमेरा सापडतच नाही. पेनड्राइव्ह लावला की दोन्ही खात्यांत प्रशासकाचा पासवर्ड विचारला जातो. संगणक बंद करतानाही तेच. मग कुणीतरी ‘काटा’ला ऑडिओ आणि व्हिडिओ ग्रुपमध्ये घातलं. आवाज आला, पण कधी येतो, कधी येत नाही. पेनड्राइव्हचा हट्ट तसाच राहिला, आणि शेवटी प्रशासकाचा पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवला गेला.

अशा वेळी ‘काटा’ खातंच बिघडलंय असं वाटणं साहजिक आहे. खातं ठणठणीत होतं. या सगळ्या तक्रारींच्या मुळाशी एकच ओळ होती, आणि ती दोन्ही खात्यांच्या होम फोल्डरमधल्या .प्रोफाइल या, लॉगिन होताच चालणाऱ्या फाइलमध्ये होती.

(पुढच्या कमांड, फाइलींची नावं आणि संदेश उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. टर्मिनलवर ते नेहमीच्या रोमन अक्षरांतच टाइप करायचे.)

ती ओळ आणि तिच्यावरची ठिगळं

जुन्या यंत्रावरून होम फोल्डर जसेच्या तसे नव्या डिस्कवर आणले होते. ‘हिशेब’च्या .प्रोफाइलमध्ये शेवटी होतं:

स्टार्टएक्स -- :० व्हीटी७

आणि ‘काटा’च्या फाइलमध्ये:

स्टार्टएक्स -- :१ व्हीटी८

स्टार्टएक्स म्हणजे ग्राफिकल पडदा, म्हणजेच एक्स सर्व्हर, सुरू करणारी कमांड; ‘:०’ हा डिस्प्लेचा क्रमांक आणि ‘व्हीटी७’ म्हणजे सातवा कन्सोल. एके काळी हे अगदी रास्त होतं. एक्स सर्व्हर रूट (सर्वाधिकार असलेलं खातं) म्हणून चालायचा, पहिले सहा कन्सोल अक्षरी लॉगिनसाठी आणि सातव्यापासून पुढे चित्र, अशी वहिवाट होती. डेबियनमध्ये ती २०१७ साली, आवृत्ती ९ पासून मोडली. तेव्हापासून स्टार्टएक्सने उघडलेला एक्स सर्व्हर साध्या वापरकर्त्याच्या हक्कांनीच चालतो. त्याला ग्राफिक्स कार्ड आणि कीबोर्ड मिळवून देण्याचं काम सिस्टमडीचा लॉगिनडी, म्हणजे लॉगिनची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम, करतो, आणि त्यासाठी एक अट घालतो: ज्या कन्सोलवर लॉगिन केलं त्याच कन्सोलवर एक्स उघडायचा.

नव्या डिस्कवर ही ओळ पहिल्यांदा चालली तेव्हा एक्स उघडलाच नाही. लॉगमध्ये आलं:

एक्सएफ८६ओपनकन्सोल: कॅनॉट ओपन व्हर्च्युअल कन्सोल ७ (परमिशन डिनाइड)

सरळ गोष्ट आहे. पहिल्या कन्सोलवर लॉगिन झालं की लॉगिन प्रोग्रॅम /डेव्ह/टीटीवाय१ ची मालकी त्या वापरकर्त्याला देतो. /डेव्ह/टीटीवाय७ रूटचंच राहतं. साध्या वापरकर्त्याचा एक्स ते उघडणार कसा?

इथे योग्य उपाय होता ‘व्हीटी७’ हा शब्द खोडण्याचा. त्याऐवजी इंटरनेटवर सगळ्यात आधी सापडणारा उपाय झाला. एक्ससर्व्हर-एक्सऑर्ग-लेगसी हे पॅकेज बसवलं आणि /इटीसी/एक्स११/एक्सरॅपर.कॉन्फिग या फाइलमध्ये ‘अलाउड_यूजर्स=एनीबडी’ आणि ‘नीड्स_रूट_राइट्स=येस’ या दोन ओळी टाकल्या. हे पॅकेज एक्सभोवती रूटच्या हक्कांचं वेष्टन घालतं. एक्स रूट झाला, रूटला टीटीवाय७ उघडायला कोण अडवणार? पडद्यावर डेस्कटॉप आला आणि काम झालं असं सगळ्यांना वाटलं.

त्याआधी कुणीतरी ‘सुडो -ई स्टार्टएक्स’ही करून पाहिलं होतं. त्याच्या खुणा होम फोल्डरमध्ये उरल्या होत्या, त्या पुढे येतील.

दोन आकडे जुळत नाहीत

असं प्रकरण समोर आलं की ग्रुप, पल्सऑडिओ (आवाज हाताळणारा प्रोग्रॅम), कॅमेऱ्याचा ड्रायव्हर यांच्या वाटेला जाण्याआधी दोनच गोष्टी विचाराव्यात. दोन्हींची उत्तरं डेस्कटॉपमधल्या टर्मिनलवर, रूट न होता मिळतात.

पहिली, आत्ता पडद्यावर कोणता कन्सोल आहे:

कॅट /सिस/क्लास/टीटीवाय/टीटीवाय०/अ‍ॅक्टिव्ह

उत्तर आलं टीटीवाय७.

दुसरी, लॉगिनडीच्या वहीत हे सेशन, म्हणजे एका माणसाचं चालू लॉगिन, कोणत्या कन्सोलवर आहे. आधी ‘लॉगिनसीटीएल’ एवढंच टाइप करून सेशनचा क्रमांक पाहायचा, मग तो क्रमांक घालून:

लॉगिनसीटीएल शो-सेशन १ -पी व्हीटीएनआर -पी अ‍ॅक्टिव्ह -पी स्टेट

उत्तर:

व्हीटीएनआर=१
अ‍ॅक्टिव्ह=नो
स्टेट=ऑनलाइन

निदान इथेच संपलं. माणूस खुर्चीवर बसलाय, माउस हलवतोय, तरी लॉगिनडीच्या लेखी त्याचं सेशन पहिल्या कन्सोलवर निष्क्रिय पडलेलं आहे, कारण पडदा सातव्या कन्सोलवर आहे. सातव्यावर एकाही सेशनची नोंद नाही. म्हणजे यंत्रासमोर कुणीच बसलेलं नाही, असा त्याचा हिशेब.

एक्सच्या लॉगमध्येही याची कबुली होती. एक्स रूट म्हणून चालत असल्याने लॉग /व्हार/लॉग/एक्सऑर्ग.०.लॉग इथे होता, आणि त्यात एक ओळ: लॉगिनडी इंटिग्रेशन रिक्वायर्स -कीपटीटीवाय अँड -कीपटीटीवाय वॉज नॉट प्रोव्हायडेड, डिसेबलिंग लॉगिनडी इंटिग्रेशन. स्टार्टएक्सला कन्सोलचा क्रमांक आपण दिला नाही तर तो चालू कन्सोलचा क्रमांक आणि हा -कीपटीटीवाय पर्याय, दोन्ही स्वतःच जोडतो. आपण हाताने व्हीटी७ दिलं की तो गप्प बसतो.

खुर्चीवर बसलेल्याचा हक्क

साउंड कार्ड, कॅमेरा, ग्राफिक्स यांसारख्या डिव्हाइसवर यूडेव्ह (जोडलेली उपकरणं ओळखणारा प्रोग्रॅम) ‘यूअ‍ॅक्सेस’ नावाची चिठ्ठी लावतो. ज्या डिव्हाइसवर ही चिठ्ठी आहे, त्यावर लॉगिनडी सक्रिय सेशनच्या मालकाचं नाव फाइलच्या परवानगी-यादीत, म्हणजे एसीएलमध्ये, चढवतो. कन्सोल बदलला की जुन्याचं नाव उतरतं, नव्याचं चढतं. हक्क माणसाला कायमचा मिळत नाही, खुर्चीवर आहे तोवरच असतो. भाड्याच्या होडीचं वल्हं जसं त्या फेरीपुरतं हातात असतं, तसं.

हे डोळ्यांनी पाहता येतं. त्यासाठी एसीएल नावाचं पॅकेज लागतं. नसेल तर आधी बसवावं. मग ‘काटा’च्या डेस्कटॉपमधल्या टर्मिनलवर:

गेटएफएसीएल /डेव्ह/एसएनडी/कंट्रोलसी०

बिघडलेल्या अवस्थेत यात ‘काटा’चं नाव कुठेच नव्हतं. आता गंमत. हीच कमांड दहा सेकंद थांबून चालेल आणि उत्तर फाइलमध्ये लिहील अशी द्यायची:

स्लीप १०; गेटएफएसीएल /डेव्ह/एसएनडी/कंट्रोलसी० > /टेंप/पाहणी

एंटर मारून लगेच कंट्रोल-ऑल्ट-एफ२ दाबायचं. समोर स्टार्टएक्सची पांढरी अक्षरं असलेला काळा पडदा येतो. दहा-बारा सेकंद तिथेच थांबून एफ८ वर परत यायचं आणि फाइल उघडायची. तिच्यात ‘यूजर:काटा:आरडब्ल्यू-’ ही ओळ आलेली असते. म्हणजे डेस्कटॉप दिसत असताना आवाजाचा हक्क नाही, आणि नुसता काळा पडदा दिसत असताना आहे. दुखणं कुठे आहे हे समोरच्याला पटवायला याहून चांगला प्रयोग नाही.

‘एलएस -एल’मध्ये परवानग्यांच्या शेवटी दिसणाऱ्या अधिक चिन्हावर मात्र विसंबू नये. नाव उतरल्यावरही ते चिन्ह मागे राहू शकतं. यादीतलं नाव पाहावं.

मग ‘हिशेब’मध्ये आवाज येत होता तो कसा? डेबियनचा इन्स्टॉलर पहिलं खातं तयार करतानाच त्याला ऑडिओ, व्हिडिओ, प्लगडेव्ह अशा ग्रुपमध्ये घालतो. नंतर हाताने केलेल्या खात्याला हे ग्रुप मिळत नाहीत. ‘हिशेब’ पहिलं, ‘काटा’ दुसरं. ‘हिशेब’चा आवाज ग्रुपच्या मागच्या दाराने येत होता, पुढचं दार दोघांनाही बंदच होतं. एका खात्यात चालतं आणि दुसऱ्यात नाही, म्हणजे बिघाड दुसऱ्या खात्यात, असा समज झाला तो यामुळे.

पेनड्राइव्हला हे मागचं दार नाही. डेस्कटॉपवरून पेनड्राइव्ह जोडण्याची विनंती यूडिस्क्सकडे (डिस्क जोडणारा प्रोग्रॅम) जाते आणि तो पोलकिटला (परवानगी ठरवणारा प्रोग्रॅम) विचारतो. पोलकिटचा मूळ नियम असा, की सक्रिय स्थानिक सेशनला मुभा, निष्क्रियला प्रशासकाचा पासवर्ड. ग्रुपची इथे मातब्बरी नाही, म्हणून ‘हिशेब’लाही पासवर्ड विचारला जात होता. बंद करण्याच्या बटणाचंही असंच.

ग्रुपमध्ये घातल्याने नवीन काय बिघडलं

‘काटा’ ऑडिओ ग्रुपमध्ये गेल्यावर त्याचा आवाज लहरी का झाला, हे नीट पाहण्यासारखं आहे. असे ग्रुप देण्याचा सल्ला फार सहज दिला जातो.

व्यवस्था नीट असते तेव्हा कन्सोल बदलला की पल्सऑडिओला दिसतं की साउंड कार्डवरचा आपला हक्क गेला, आणि तो कार्ड सोडतो. दुसऱ्या खात्याचा पल्सऑडिओ ते उचलतो. वापरणाऱ्याला काही कळतही नाही. दोघेही ऑडिओ ग्रुपमध्ये असले की हक्क कधी जातच नाही, त्यामुळे कार्ड सोडायचं कारणही उरत नाही. कार्ड नुसतं पडून असेल तर पल्सऑडिओ काही सेकंदांनी ते मोकळं करतो. पण ‘हिशेब’च्या ब्राउझरमध्ये आवाज वाजवणारं एखादं पान उघडं राहिलं की कार्ड त्याच्याकडे अडकून राहतं. काट्यावरच्या माणसाला जास्त वजनाची टिंग ऐकू येत नाही, आणि तो स्पीकरची वायर हलवत बसतो.

याहून गंभीर म्हणजे ऑडिओ ग्रुपमध्ये मायक्रोफोनही आला आणि व्हिडिओ ग्रुपमध्ये कॅमेरा. पडद्यावर कुणीही असो, दुसऱ्या खात्यातला प्रोग्रॅम मागे बसून ऐकू आणि पाहू शकतो. शेडमध्ये हे चालून जाईल, पण भाव ठरवण्याचे कॉल याच खोलीत होतात हे विसरू नये.

दुरुस्ती

क्रम महत्त्वाचा आहे. ग्रुप आधी काढले तर आवाज आणि कॅमेरा दोन्ही खात्यांत जातील, आणि घाबरून माणूस सगळं परत पहिल्यासारखं करेल. आधी कन्सोल सुधारायचा, ग्रुप शेवटी.

दोन्ही डेस्कटॉप नीट लॉगआउट करून बंद केले. मग दोन्ही .प्रोफाइल फाइलींमधली ती ओळ काढून तिच्या जागी नुसतं ‘स्टार्टएक्स’ ठेवलं. ना डिस्प्लेचा क्रमांक, ना कन्सोलचा. दुसरा डेस्कटॉप उघडताना स्टार्टएक्स मोकळा डिस्प्ले स्वतः शोधतो. ही ओळ अक्षरी कन्सोलवरच चालावी, दुरून एसएसएचने आल्यावर चालू नये, म्हणून एक्सडीजी_व्हीटीएनआर या व्हेरिएबलची किंमत १ किंवा २ असेल तरच स्टार्टएक्स द्यायचा अशी अट घातली. एसएसएचच्या सेशनला कन्सोल नसतो, म्हणून तिथे ही किंमत येत नाही.

दोन्ही ठिकाणी ‘एक्झेक स्टार्टएक्स’ लिहिणं जास्त चांगलं. नुसत्या स्टार्टएक्समागे लॉगिन झालेली शेल जागी राहते. पडदा लॉक असला तरी एक्स पडला की ती समोर येते, कुठलाही पासवर्ड न मागता.

पुढे:

सुडो एपीटी पर्ज एक्ससर्व्हर-एक्सऑर्ग-लेगसी

इथे ‘रिमूव्ह’ऐवजी ‘पर्ज’ हवं, म्हणजे एक्सरॅपर.कॉन्फिगही जाते. गेली की नाही ते एकदा डोळ्यांनी पाहावं.

मग ‘सुडो -ई स्टार्टएक्स’च्या खुणा. -ई पर्यायामुळे वातावरण वापरकर्त्याचंच राहतं आणि होम फोल्डरही त्याचाच, पण तिथे लिहिणारा असतो रूट. त्यामुळे .कॅशमधल्या काही फाइली रूटच्या मालकीच्या झाल्या होत्या. .एक्सऑथॉरिटीही तशी झाली तर एक्स रूट म्हणून चालू असला तरी त्रास होतोच: ती वाचता आली नाही की डेस्कटॉपला एक्सशी बोलण्याची खूण मिळत नाही, आणि पडदा क्षणभर उजळून पुन्हा काळा होतो. शोधायला:

सुडो फाइंड /होम/हिशेब -एक्सडेव्ह -यूजर रूट -एलएस

यादी पाहून ‘चोन’ने मालकी परत दिली. संपूर्ण होमवर डोळे मिटून ‘चोन -आर’ चालवण्यापेक्षा आधी यादी पाहावी. कुणी मुद्दाम रूटची ठेवलेली फाइल असेल तर तीही कळते.

इथे यंत्र रीबूट केलं. पहिल्या कन्सोलवर ‘हिशेब’, दुसऱ्यावर ‘काटा’, आणि तपासणी:

पीएस -ओ यूजर,टीटीवाय,आर्ग्ज -सी एक्सऑर्ग

(यातला ‘सी’ कॅपिटल.) आता एक एक्स ‘हिशेब’च्या नावावर टीटीवाय१ वर आणि दुसरा ‘काटा’च्या नावावर टीटीवाय२ वर दिसला. रूट कुठेच नाही. लॉगची जागाही बदलली. तो आता प्रत्येकाच्या होममध्ये .लोकल/शेअर/एक्सऑर्ग या फोल्डरमध्ये जातो, आणि त्यात ‘सिस्टमडी-लॉगिनडी: टुक कंट्रोल ऑफ सेशन’ ही ओळ असते. ती दिसली की बाजी मारली. पेनड्राइव्ह लावला, पासवर्ड न विचारता उघडला.

सर्वात शेवटी ग्रुप:

सुडो जीपासडब्ल्यूडी -डी काटा ऑडिओ

तसंच व्हिडिओ, आणि तसंच ‘हिशेब’साठीही. ग्रुपमधला बदल पुढच्या लॉगिनपासून लागू होतो. आत्ताच्या सेशनकडे कोणते ग्रुप आहेत हे नुसत्या ‘आयडी’ने कळतं, आणि फाइलीत काय नोंद आहे हे ‘आयडी काटा’ने. दोन उत्तरं वेगळी आली तर लॉगआउट बाकी आहे, एवढाच त्याचा अर्थ.

चिठ्ठी फाडली आणि पासवर्ड बदलला, हे सांगायला नको.

डायलआउट मात्र राहू दिला

वजनकाटा यूएसबी-सीरियल अ‍ॅडॅप्टरने जोडलेला आहे आणि तो /डेव्ह/टीटीवाययूएसबी० म्हणून दिसतो. या फाइलचा ग्रुप डायलआउट, म्हणजे सीरियल पोर्ट वापरणाऱ्यांचा. ‘यूडेव्हएडीएम इन्फो’ने पाहिलं तर साउंड कार्डच्या टॅगमध्ये यूअ‍ॅक्सेस दिसतं, काट्याच्या टॅगमध्ये नाही. मग इथेही यूअ‍ॅक्सेस लावून सगळं एकसारखं करावं, असा मोह होतो. तो आवरावा. वजन नोंदवणारा प्रोग्रॅम ‘हिशेब’ पडद्यावर असतानाही मागे चालू राहायला हवा. पेटी तराजूवर चढताना कन्सोल कोणता आहे हे कोण बघत बसणार? यूअ‍ॅक्सेस लावला असता तर कन्सोल बदलल्यावर, प्रोग्रॅमने पोर्ट पुन्हा उघडायचा प्रयत्न केला की नकार आला असता.

ज्या डिव्हाइसला समोर माणूस लागतो, ते खुर्चीच्या हक्कावर ठेवावं: आवाज, माइक, कॅमेरा. ज्याने माणूस नसतानाही काम करायचं, त्याला ग्रुप द्यावा. त्यामुळे ‘काटा’ एकटाच डायलआउट ग्रुपमध्ये आहे, ‘हिशेब’ नाही. दोन प्रोग्रॅमनी एकच पोर्ट उघडलं तर वजनाचे आकडे दोघांत वाटले जाऊन दोघांचेही चुकतात, म्हणून हे बरंच.

दुरुस्तीनंतरही उरलेलं

काही गोष्टी बिघाड नाहीत, रचनाच तशी आहे. त्या माहीत नसल्या तर पुन्हा कुणीतरी लेगसी पॅकेज बसवायला निघेल.

कॅमेरा. हक्क काढून घेतला तरी आधीच उघडलेला कॅमेरा बंद पडत नाही. कीबोर्ड-माउसचा ताबा कन्सोल बदलताच कर्नल खरोखर काढून घेतं, कॅमेऱ्याला तशी सोय नाही. ‘काटा’मध्ये फोटोचा प्रोग्रॅम उघडा ठेवून ‘हिशेब’मध्ये व्हिडिओ कॉल लावला तर ‘डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी’ असं येतं. हा परवानगीचा नकार नव्हे. ‘परमिशन डिनाइड’ असेल तर सेशन तपासावं, ‘बिझी’ असेल तर ‘सुडो फ्यूजर -व्ही /डेव्ह/व्हिडिओ०’ देऊन कुणी धरून ठेवलंय ते पाहावं. इथे काट्यावरच्या माणसाला फोटो झाल्यावर खिडकी बंद करायची सवय लावली, तेवढ्यावर भागलं.

पेनड्राइव्ह. ‘हिशेब’ने जोडलेला पेनड्राइव्ह /मीडिया/हिशेब इथे बसतो, आणि त्या फोल्डरमध्ये दुसऱ्या खात्याला शिरकाव नाही. काढायचा म्हटलं तरी दुसऱ्याने जोडलेला म्हणून पासवर्ड लागतो. ट्रान्सपोर्टच्या चलनाच्या फाइली दोघांनाही लागतात. त्यासाठी ‘शेड’ असा ग्रुप करून /एसआरव्ही/चलन हे फोल्डर त्याच्या नावे केलं, परवानगी २७७०. पुढचा २ असल्यामुळे आत होणारी प्रत्येक फाइल शेड ग्रुपचीच होते. पण ग्रुपला लिहिण्याची मुभा नव्या फाइलीला आपोआप मिळत नाही, म्हणून फोल्डरवर ‘सेटएफएसीएल -डी -एम जी:शेड:आरडब्ल्यूएक्स’ हेही द्यावं लागलं. ही दुसरी पायरी राहून गेली की ‘उघडते पण सेव्ह होत नाही’ ही तक्रार ठरलेली.

बंद करणं. दोन माणसं लॉगिन असताना संगणक बंद करायला पोलकिट प्रशासकाचा पासवर्ड मागतो, सेशन सक्रिय असलं तरी. दुसऱ्याचं न सेव्ह केलेलं काम जाऊ नये म्हणून हे आहे आणि ते योग्यच आहे. पण वळवाच्या पावसात लाइट जाते, यूपीएस शिट्ट्या मारायला लागतो आणि समोर असलेल्याकडे पासवर्ड नसतो. म्हणून /इटीसी/पोलकिट-१/रूल्स.डी मध्ये एक छोटा नियम ठेवला: क्रिया ‘पॉवर-ऑफ-मल्टिपल-सेशन्स’ असेल, विचारणारा शेड ग्रुपमधला असेल, त्याचं सेशन स्थानिक आणि सक्रिय असेल, तरच होकार. ‘स्थानिक आणि सक्रिय’ ही अट गाळू नये, नाहीतर एसएसएचने आलेलाही यंत्र बंद करू शकतो.

कन्सोल बदलण्याचं बटण. डेस्कटॉपवर ‘सीएचव्हीटी २’ असं चिन्ह ठेवलेलं होतं, ते रूट-एक्सच्या काळातही चाललं नव्हतं. डेस्कटॉपच्या टर्मिनलमधून साध्या वापरकर्त्याला सीएचव्हीटी कन्सोलचा धागा पकडता येत नाही. सीएचव्हीटीला सेटयूआयडी लावणं, म्हणजे कुणीही चालवलं तरी ते रूटच्या हक्काने चालेल असं करणं, हा उपाय नव्हे. ‘लॉगिनसीटीएल अ‍ॅक्टिव्हेट’ आणि पुढे सेशनचा क्रमांक दिला की सक्रिय सेशनला पासवर्डशिवाय हे जमतं. क्रमांक दर लॉगिनला बदलतो, त्यामुळे चिन्हामागे छोटी स्क्रिप्ट लागते. बहुतेकांना कंट्रोल-ऑल्ट-एफ२ सोपं पडतं, म्हणून चिन्ह काढूनच टाकलं. नुसता कन्सोल बदलल्याने पडदा लॉक होत नाही, हेही सांगून ठेवावं. ‘हिशेब’ने उठण्याआधी ‘एक्सफ्लॉक४’ द्यायचं, नाहीतर एफ१ दाबणाऱ्याला बिलं उघडी.

एसयूचा सापळा. दुसऱ्या कन्सोलवर चुकून ‘हिशेब’ने लॉगिन झालेलं असतं आणि कुणी ‘एसयू - काटा’ करून स्टार्टएक्स देतो. पुन्हा तोच ‘कॅनॉट ओपन व्हर्च्युअल कन्सोल’, फक्त आकडा २. एसयूने माणूस बदलतो, सेशन बदलत नाही. /डेव्ह/टीटीवाय२ ‘हिशेब’च्याच मालकीचं राहतं, आणि आधीचं सेशन चालू असल्याने लॉगिनडी नवं सेशन नोंदवत नाही. ‘एलएस -एल /डेव्ह/टीटीवाय२’ने मालक पाहिला की उलगडा होतो. यावर दुसरा इलाज नाही: एक्झिट, एक्झिट, आणि लॉगिनच्या ओळीवर ‘काटा’.

लेगसी पॅकेज खरंच लागतं असेही प्रसंग आहेत. ग्राफिक्स ड्रायव्हर कर्नल मोडसेटिंग (पडद्याची मांडणी कर्नलनेच ठरवणं) करत नसेल, किंवा ग्रबमध्ये (यंत्र सुरू करणारा प्रोग्रॅम) कुणी ‘नोमोडसेट’ टाकून ठेवलं असेल, तर रूटशिवाय एक्स उठत नाही. नोमोडसेट असेल तर आधी ते काढून पाहावं. काढल्यावर पडदा काळाच राहिला तरच एक्सरॅपरमध्ये नीड्स_रूट_राइट्स=येस, पण त्याही वेळी कन्सोल लॉगिनचाच ठेवावा, सातवा नव्हे.

आणि काट्याचं पोर्ट. समुद्राच्या खाऱ्या हवेने यूएसबीच्या पिना हिरवट पडतात, अ‍ॅडॅप्टर क्षणभर तुटून पुन्हा जोडला जातो, आणि जुना धागा प्रोग्रॅमने धरून ठेवल्यामुळे नवं नाव टीटीवाययूएसबी१ होतं. प्रोग्रॅम म्हणतो पोर्ट उघडत नाही, आणि सगळ्यांना पुन्हा परवानगीचीच शंका येते. संदेश पूर्ण वाचावा: ‘नो सच फाइल’ असेल तर परवानगीचा संबंध नाही. प्रोग्रॅममध्ये /डेव्ह/सीरियल/बाय-आयडी मधलं लांबलचक नाव दिलं की आकडा बदलला तरी काटा सापडतो, आणि हंगामाआधी अ‍ॅडॅप्टर बदलून टाकला की त्याचीही फारशी गरज पडत नाही.